विज्ञान दिनाला खोडद

सकाळी साडेसहा. घोडेगावच्या एसटी स्टँडवर नववीच्या मुली डबे घेऊन हजर. आज २८ फेब्रुवारी. हजेरी घेतली, गाडी सुटली.

साडेआठ. मंचर, कळंब मागे पडले. नारायणगावला चहा घेऊन खोडदच्या रस्त्याला लागलो. द्राक्षबागांपलीकडे तिथल्या रेडिओ दुर्बिणीची पहिली तबकडी दिसली आणि गाडीत एकच गलका झाला.

दहा. मोबाइल बंद. दुर्बीण आकाशातून येणाऱ्या अतिक्षीण रेडिओलहरी टिपते, फोनच्या लहरींत त्या हरवतात. शाळांचं प्रदर्शन भरभर पाहून घेतलं, कारण मला मुलींना तबकडीजवळ न्यायचं होतं.

अकरा. व्यास ४५ मीटर. अशा ३० तबकड्या. १४ इथे मध्यभागी, बाकीच्या १६ तीन दिशांना पंचवीसेक किलोमीटरांत पसरलेल्या. मुलींनी वर पाहिलं तर पत्रा नाहीच, बारीक तारांची जाळी! वारा आरपार जातो, म्हणून सांगाडा हलका आणि स्वस्त. आणि या लहरींच्या लांबीपुढे जाळीची भोकं इतकी लहान, की लहर परावर्तित होतेच. ही दुर्बीण उभारणारे खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांची ही अभियांत्रिकी मला कुठल्याही प्रयोगशाळेपेक्षा शिकवायला आवडते.

साडेबारा. डबे उघडले. एकीने विचारलं, "मॅडम, अंतराळात जायला पायलटच व्हावं लागतं का?"

नाही गं. कल्पना चावला इंजिनिअर होती. कर्नालची मुलगी, १९८२ साली चंदीगढच्या पंजाब इंजिनिअरिंग कॉलेजातून वैमानिकी अभियांत्रिकीची पदवी, १९८८ मध्ये कोलोरॅडोत पीएचडी. नासात आधी विमानाभोवतीच्या हवेच्या प्रवाहावर संशोधन, मग १९९७ मध्ये पहिलं उड्डाण. तिने यांत्रिक हाताने सोडलेला स्पार्टन उपग्रह भरकटला, दोन सहकाऱ्यांनी बाहेर जाऊन तो हातांनी पकडला. पुढे चौकशी झाली, आणि दोष तिचा नसल्याचं निष्पन्न झालं. २००३ मध्ये ती कोलंबिया यानातून पुन्हा गेली. दोन पाळ्यांत चोवीस तास प्रयोग चालत. उड्डाणावेळी इंधनटाकीवरचा फोमचा तुकडा डाव्या पंखावर आदळला होता. १ फेब्रुवारीला, उतरायला सोळा मिनिटं असताना, यान तुटलं. सातही जण गेले. हेही मी मुलींपासून लपवत नाही. यंत्र का तुटलं हे शोधणं हेही इंजिनिअरचंच काम.

चार. परतीची गाडी. प्रश्न विचारणारी मुलगी वहीत जाळीचं चित्र काढत बसली होती.

सहा. घोडेगाव. न्यायला आलेल्या पालकांना माझं एकच सांगणं असतं: दहावीनंतर मुलीने गणित घेतलं तर घेऊ द्या, आणि इंजिनिअरिंगचा फॉर्म मागितला तर तिच्याबरोबर भरायला बसा.