ग्रामसभा दुरून भरवता येईल का?

लातूर जिल्ह्यातील शिरूर अनंतपाळ हे गाव पूर्वी निलंगा तालुक्यात होते. आज ते स्वतःच तालुक्याचे ठिकाण आहे आणि तिथे नगरपंचायत आहे. त्यामुळे गावात आता ग्रामसभा होत नाही, नगरपंचायतीची सभा होते आणि तिच्यात १७ निवडून आलेले सदस्य बसतात. भोवतालच्या साकोळ, येरोळ, उजेड अशा गावांत मात्र ग्रामसभाच आहे, आणि तिथे प्रत्येक मतदार सदस्य असतो. सभा दुरून भरवण्याचा प्रश्न या दोन ठिकाणी एकसारखा नाही.

२०२० साली करोनाच्या साथीत राज्याच्या नगरविकास विभागाने नगरपालिका व महानगरपालिकांच्या सभा दृक्‌श्राव्य पद्धतीने घेण्यास सांगितले. पडद्यावर १७ चौकटी मावतात आणि कोण बोलतो आहे ते दिसते. ग्रामसभा मात्र त्या काळात बऱ्याच अंशी पुढेच ढकलल्या गेल्या. असे का झाले असेल, ते थोडे हिशेब करून पाहू.

ग्रामसभेची गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल तितकी लागते. ४०० मतदारांच्या गावात ती ६० होते. १,२०० मतदारांच्या गावात १५ टक्के म्हणजे १८० होतात, म्हणून तिथे १०० पुरतात. (कोणत्या संख्येला हा नियम वळण घेतो, ते सातवीच्या मुलांना शोधू द्यावे. उत्तर ६६७ च्या आसपास येते.) आता आपल्या भागात यादीतले कितीतरी मतदार पुण्या-मुंबईला कामाला किंवा ऊसतोडीला गेलेले असतात. उजेडला जानेवारीच्या अखेरीस गांधीबाबांची यात्रा भरते. यात्रेसाठी माणूस गावी येतो, ग्रामसभेसाठी येईलच असे नाही. मग गणपूर्तीअभावी सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. घरकुलाच्या यादीत कोणाचे नाव घ्यायचे, हे शेवटी पाचपंचवीस माणसे ठरवतात. बाहेरगावच्या मतदाराला फोनवरून बोलता आले, तर फरक पडेल तो इथे.

यंत्राची बाजू आता पाहू. टेलिफोनच्या जुन्या अंकीय पद्धतीत आवाज सेकंदाला ८,००० वेळा मोजतात आणि प्रत्येक माप ८ बिटांत लिहितात. म्हणजे सेकंदाला ६४,००० बिट. आजच्या दाबून बसवण्याच्या पद्धतींनी हेच काम त्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यात होते. हलत्या चित्राला मात्र काही लाख बिट लागतात. मोबाईलच्या एका मनोऱ्याची क्षमता त्याच्या टापूतले सगळे फोन वाटून घेतात. एकाच वस्तीतल्या शंभर जणांनी एकदम आपापले चित्र सुरू केले, तर वाटा आखडतो आणि आवाज तुटू लागतो. चित्र बंद ठेवून नुसता आवाज चालू ठेवला, तर तेवढ्याच वाटेने कितीतरी अधिक माणसे जाऊ शकतात.

उशीर ही दुसरी अडचण. तो अंतरामुळे होतो असे आपल्याला वाटते. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. शिरूर अनंतपाळहून पुणे चारशे किलोमीटर धरले तरी सेकंदाचा पाचशेवा भाग लागतो, तो कोणाला जाणवणार नाही. उशीर होतो तो आवाज दाबणे, त्याच्या पुड्या बांधणे, त्या पुड्यांनी रांगेत थांबणे आणि पलीकडे त्या पुन्हा क्रमाने लावणे यांत. भूस्थिर उपग्रहाची गोष्ट वेगळी. तो सुमारे ३६,००० किलोमीटर उंच असल्याने वर जाऊन खाली येण्यातच पाव सेकंद जातो, आणि प्रश्न विचारून उत्तर ऐकेपर्यंत अर्धा. तरीही १९९० च्या दशकात इस्रोने शेजारच्या कर्नाटकात पंचायतीच्या महिला सदस्यांचे प्रशिक्षण उपग्रहावरून केले. चित्र एकाच दिशेने जाई, प्रश्न मात्र केंद्रावर जमलेल्या बायका आवाजाने विचारत. त्या एका ठिकाणी जमत असत, ही त्यातली शहाणपणाची गोष्ट होती.

कारण घरोघरच्या फोनवर सभा नेली, की फोन कोणाच्या हातात आहे हा प्रश्न येतो. बऱ्याच घरांत तो नवऱ्याच्या किंवा मुलाच्या खिशात असतो. चावडीवर मागे बसलेली बाई निदान उठून उभी तरी राहू शकते. शिवाय समोरासमोरच्या सभेत कुजबूज होते, कोणी मधेच ओरडते, आणि अध्यक्षाला ते ऐकावेच लागते. दूरच्या सभेत आवाज बंद करण्याची कळ सभा चालवणाऱ्याकडे असते. माझ्या मते खरा धोका नेटवर्कचा नाही, या कळीचा आहे. ती कोणी, केव्हा वापरली, याची नोंद इतिवृत्तात झाली पाहिजे. हात वर करून मत मोजायचे तर त्या क्रमांकामागचा माणूस यादीतलाच आहे ना, हे नाव पुकारून आणि गावकऱ्यांना ऐकवून पटवावे लागेल. चावडीवरची सभा ठेवून बाहेरगावच्यांना तिच्यात आवाजाने जोडणे, हा मार्ग मला त्यातल्या त्यात बरा वाटतो. एवढेच, की कर्णा आणि माईक समोरासमोर ठेवू नयेत. कर्ण्याचा आवाज माईकमध्ये शिरून पुन्हा वाढतो आणि शिट्टी सुरू होते.

उशीर वर्गात मोजता येतो. दोन मुले समोरासमोर बसवावीत. पहिल्याने ‘एक’ म्हणताच दुसऱ्याने ‘दोन’, असे आळीपाळीने वीसपर्यंत मोजावे व वेळ घ्यावा. मग त्यांना दोन खोल्यांत पाठवून फोनवरून तेच करायला सांगावे. दोन्ही वेळांतील फरकाला १९ ने भागले, की एका दिशेचा सरासरी उशीर मिळतो. आधी साधा फोन आणि नंतर चित्रासह जोडणी, असे दोनदा करून आकडे शेजारी शेजारी फळ्यावर मांडावेत.