घोषणा आणि पत्र : गृहशिक्षित मूल व निवडणूक-प्रचार यांविषयी एक टिपण

भारताच्या निर्वाचन आयोगाने ५ फेब्रुवारी २०२४ रोजी राजकीय पक्षांना आणि निवडणूक-यंत्रणेला एक निर्देश दिला. मुलांना प्रचारात कोणत्याही प्रकारे वापरू नये, असा त्याचा आशय. पत्रके वाटणे, भित्तिपत्रके लावणे, घोषणा देणे, मिरवणुकीत चालणे, नेत्याने मुलाला कडेवर घेणे किंवा प्रचाराच्या वाहनात बसवणे, हे सर्व त्यात निषिद्ध ठरले. मुंबई उच्च न्यायालयाने ४ ऑगस्ट २०१४ रोजी एका जनहित याचिकेवर दिलेल्या आदेशाचा आधारही त्याला होता. साहित्याच्या अभ्यासकाने लक्ष द्यावे अशी गोष्ट निषिद्ध कृतींच्या या यादीतच आहे. तीत कविता, गीत आणि उच्चारित शब्द यांचा स्वतंत्र उल्लेख येतो. प्रशासकीय भाषेत कवितेला असे स्थान क्वचितच मिळते. मुलाचे हात प्रचाराला उपयोगी पडतात त्याहून त्याची वाणी अधिक उपयोगी पडते, हे निर्देशकर्त्यांना चांगले ठाऊक होते असे दिसते. त्याच निर्देशात एक अपवादही आहे. पालकांसमवेत आलेले मूल नेत्याच्या निकट केवळ उपस्थित असेल आणि प्रचारात गुंतलेले नसेल, तर तो भंग मानला जात नाही. उपस्थिती क्षम्य आणि उच्चार निषिद्ध, अशी ही विभागणी आहे.

ही विभागणी सर्व मुलांना सारखीच लागू असली तरी ज्या मुलाचे शिक्षण घरीच होते त्याच्या बाबतीत ती विशेष नाजूक बनते. हा नाजूकपणा कोठून येतो, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे. प्रथम संज्ञेचा प्रश्न. मराठीत ‘गृहशिक्षण’ हा शब्द अलीकडे रुळू लागला असला तरी शासकीय परिभाषेत अशा मुलाला वेगळे नाव नाही. शाळेच्या पटावर नसलेले मूल ‘शाळाबाह्य’ एवढेच तिला ठाऊक. वीटभट्टीवरचे मूल आणि ग्रंथांनी भरलेल्या घरात शिकणारे मूल या एकाच शब्दाखाली जमा होतात. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेला बालकांच्या सक्तीच्या शिक्षणाचा कायदा मुलाला शाळेत दाखल करणे हे पालकांचे कर्तव्य मानतो. गृहशिक्षणाचा तो नामनिर्देश करीत नाही. म्हणजे हे मूल कायद्याच्या वाक्यरचनेत फारसे कोठे बसत नाही.

निवडणूक मात्र त्याच्या दारापर्यंत येतेच. रायपूरच्या सदर बाजाराचे उदाहरण घेऊ. सोन्याचांदीच्या पेढ्यांची ही जुनी बाजारपेठ रायपूर नगर दक्षिण या विधानसभा मतदारसंघात येते. १७ नोव्हेंबर २०२३ रोजी येथे विधानसभेसाठी मतदान झाले, ७ मे २०२४ रोजी लोकसभेसाठी, १३ नोव्हेंबर २०२४ रोजी विधानसभेच्या पोटनिवडणुकीसाठी आणि ११ फेब्रुवारी २०२५ रोजी महानगरपालिकेसाठी. पंधरा महिन्यांत चार निवडणुका! दोन्ही वर्षी विधानसभेचा प्रचार दिवाळीच्या दिवसांत आला. २०२३ मध्ये तर धनत्रयोदशी १० नोव्हेंबरची. सराफ बाजारातील वर्षाची सर्वांत मोठी गर्दी आणि ध्वनिक्षेपकांचा शेवटचा आठवडा एकाच रस्त्यावर एकत्र आले. शाळेत जाणाऱ्या मुलाच्या वाट्याला यातले जे उरेल ते संध्याकाळी येते. घरी शिकणारे मूल दिवसभर पेढीच्या वरच्या माडीवर असेल, तर त्याच्यासाठी हा गलबला हाच त्या महिन्याचा अभ्यासक्रम होय.

या गलबल्याचा वाङ्मयीन घटक म्हणजे घोषणा. निवडणुकीची घोषणा ही रचनेच्या दृष्टीने बडबडगीताची सख्खी बहीण आहे, असे विधान धाडसाचे वाटले तरी ते तपासून पाहण्यासारखे आहे. दोहोंत चरण आखूड असतात, यमक ठळक असते, ठेका टाळीवर बसतो, आणि अर्थापेक्षा पुनरुक्तीला महत्त्व असते. ताई, माई, अक्का या नात्यांच्या हाकांनी सुरू होणारी मराठी घोषणा सर्वपरिचित आहे. अक्का, पक्का, शिक्का या यमकावर ती उभी आहे. चिन्ह बदलले की ती कोणत्याही उमेदवाराला चालते. २००४ च्या लोकसभा निवडणुकीत सर्व मतदारसंघांत मतदानयंत्रे आली आणि मतपत्रिकेवरचा शिक्का गेला, तरी त्या घोषणेतील शिक्का लोकांच्या स्मरणातून गेला नाही. यमकाने अर्थाला मागे टाकल्याचे याहून चांगले उदाहरण शोधावे लागेल. अशी रचना मुलाच्या तोंडी सहज बसते यात नवल नाही. ती जणू त्याच्याच मापाने बेतलेली असते, आणि प्रचारकाला नेमका याचाच मोह पडतो.

सलमान रश्दी यांच्या ‘मिडनाइट्स चिल्ड्रन’ (१९८१) या कादंबरीत या प्रक्रियेचे जे चित्र आहे त्याला भारतीय साहित्यात तोड नाही. १९५७ च्या मुंबईत सलीम सिनाई हा नऊ वर्षांचा मुलगा सायकलवरून घरंगळत थेट संयुक्त महाराष्ट्र समितीच्या मोर्चात येऊन पडतो. मोर्चेकरी त्याची थट्टा करतात, गुजराती बोलून दाखव म्हणतात. त्याला गुजराती येत नाही. येते ते केवळ गुजराती बोलण्याच्या लकबीची टर उडवणारे, मुलामुलांत चालणारे एक निरर्थक यमक. तो ते म्हणतो. मोर्चा ते उचलतो, त्याची घोषणा होते, दुसऱ्या भाषेच्या मोर्चाशी गाठ पडल्यावर दंगल पेटते, आणि मुंबई राज्याच्या विभाजनाला आपणच कारण झालो असे निवेदक सलीम पुढे सांगतो. यातील अतिशयोक्ती उघड आहे. तथापि निरीक्षण अचूक आहे: मुलाने उच्चारलेला शब्द त्याच्या ताब्यात राहत नाही, आणि त्याचा अर्थ गर्दी ठरवते.

या काल्पनिक प्रसंगाशेजारी एक वास्तव प्रसंग ठेवावासा वाटतो. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारात निघालेल्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळीबार केला आणि शिरीषकुमार मेहता यांच्यासह पाच जण मृत्युमुखी पडले. शिरीषकुमार पंधरा वर्षांचे होते. त्या मिरवणुकीतील प्रसिद्ध घोषणा गुजराती होती, कारण ती त्यांच्या घरची भाषा होती. सलीमच्या तोंडी परभाषेची विटंबना आहे, शिरीषकुमारांच्या तोंडी मातृभाषेतील प्रतिज्ञा. दोन्ही ठिकाणी मराठी मुलखात गुजराती शब्द आहेत, दोन्ही ठिकाणी बोलणारे वयाने लहान आहेत; पण एकाला आपण काय म्हणत आहोत हे माहीत नाही आणि दुसऱ्याला ते पुरते माहीत आहे. मुलांच्या राजकीय सहभागाची चर्चा करताना हा भेद पुसला जातो. कायद्याला तो करता येत नाही हे समजण्यासारखे आहे, कारण कायदा उच्चार ऐकतो, आकलन मोजत नाही. अभ्यासकाने मात्र तो करावयास हवा.

मुलांच्या संघटित सहभागाला समाज जी नावे देतो तीही बोलकी असतात. १९३० च्या सविनय कायदेभंगात निरोप पोचवणे, पत्रके चिकटवणे, झेंडे शिवणे अशी कामे करणाऱ्या मुलांच्या तुकड्यांना ‘वानरसेना’ हे नाव पडले. ते रामायणातून आले. अमेरिकेत गृहशिक्षण घेणाऱ्या कुटुंबांच्या विधिसाहाय्य संघटनेने, जिची स्थापना मायकेल फॅरिस यांनी १९८३ मध्ये केली होती, २००३ मध्ये किशोरवयीनांसाठी ‘जनरेशन जोशुआ’ हा उपक्रम सुरू केला आणि २००४ च्या निवडणुकीपासून अशा मुलांची पथके उमेदवारांच्या प्रचाराला पाठवली. हे नाव बायबलमधील. मोझेसच्या पिढीने लोकांना इजिप्तमधून बाहेर काढले, जोशुआच्या पिढीने प्रतिज्ञात भूमी जिंकावयाची. इजिप्त म्हणजे अर्थातच सरकारी शाळा. दोन्ही नावे धर्मग्रंथातील युद्धकथेतून आलेली असली तरी त्यांत एक महत्त्वाचा फरक आहे. वानर हे सहायक आहेत, राज्य त्यांचे नाही. जोशुआ मात्र भूमीचा वारसदार आहे. पहिल्या रूपकात मूल कार्याला हातभार लावून घरी परतते, दुसऱ्यात ते पुढे सत्तेवर येण्यासाठीच घडवले जाते. गृहशिक्षण आणि प्रचार यांची गाठ अमेरिकेत इतकी घट्ट बसली याचे कारण या दुसऱ्या रूपकात आहे असे मला वाटते. तेथे शाळेबाहेर राहणे हीच मुळात राजकीय भूमिका होती.

आपल्याकडे घरी शिकणाऱ्या आणि राजकारणात वावरणाऱ्या मुलाचे ठळक उदाहरण एकच, व ते सर्वज्ञात आहे. इंदिरा नेहरूंचे बालपणीचे शिक्षण शाळा व घरातील शिक्षक यांच्यात तुटक तुटक झाले. १९३० मध्ये बाराव्या वर्षी त्या अलाहाबादच्या वानरसेनेत होत्या. पुढे १९३१ ते १९३४ या काळात पुण्यात वकील दांपत्याच्या ‘प्युपिल्स ओन स्कूल’मध्ये शिकल्या. या शिक्षणाचा जो भाग ग्रंथरूप झाला तो पत्रांचा आहे. जवाहरलाल नेहरूंनी १९२८ मध्ये मसुरीला असलेल्या दहा वर्षांच्या मुलीला लिहिलेली पत्रे पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झाली, आणि १९३० ते १९३३ मध्ये तुरुंगातून लिहिलेल्या पत्रांतून ‘ग्लिम्प्सेस ऑफ वर्ल्ड हिस्टरी’ सिद्ध झाले. मुलगी वानरसेनेत आणि पिता तुरुंगात असतानाच्या या लेखनात घोषणेला जवळजवळ स्थान नाही. पृथ्वीची उत्पत्ती, लेणी, साम्राज्ये, क्रांत्या यांचे कथन आहे. मधूनच बाहेरची बातमी येते व कथन पुन्हा आपल्या वाटेला लागते. मराठीत साने गुरुजींनी पुतणी सुधा हिला लिहिलेली ‘सुंदर पत्रे’ याच कुळातील. तेथे स्वर अधिक आर्द्र आहे, पण मुलाला जगाच्या घडामोडींचा वाचक मानणे ही भूमिका तीच.

घोषणा आणि पत्र या मुलाला उद्देशून वापरल्या जाणाऱ्या दोन परस्परविरुद्ध वाङ्मयप्रकारांचा विचार येथे एकत्र करता येतो. घोषणा मुलाला बोलावयास लावते, पत्र त्याला ऐकावयास लावते. घोषणेला उत्तर नसते, फक्त प्रतिध्वनी असतो. पत्राला उत्तर अपेक्षित असते, मग ते आज येवो वा वीस वर्षांनी. आयोगाच्या निर्देशातील उच्चार-उपस्थितीचा भेद साहित्याच्या भाषेत मांडावयाचा तर तो असा मांडावा लागेल.

शाळेतील मुलाला या दोहोंच्या मध्ये काही पडदे असतात. वर्गात वेगवेगळ्या घरांची मुले असतात, त्यामुळे घरची घोषणा तेथे प्रतिघोषणेला भेटते. मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’ (२००४) या कादंबरीत आणीबाणीचा काळ मुलांपर्यंत कसा गाळून, तुकड्यातुकड्यांनी पोचतो ते आठवावे. अलीकडे शासनानेही शाळेलाच वाहन केले आहे: मतदानाचे संकल्पपत्र मुलांकरवी पालकांपर्यंत जाते आणि २०१८ पासून शाळा-महाविद्यालयांत निवडणूक साक्षरता मंडळे स्थापन झाली. औपचारिक शिक्षणाबाहेरच्यांसाठी मतदान-केंद्राच्या पातळीवर ‘चुनाव पाठशाला’ ही योजना आहे. गृहशिक्षित मूल तत्त्वतः तिच्यात येते, परंतु ती प्रौढांच्या बेताने आखलेली असल्याने त्याच्या हाती फारसे लागत नाही. सतरा वर्षे पूर्ण झाल्यावर मतदार-नोंदणीचा अर्ज आगाऊ भरता येतो आणि वर्षातून चार अर्हता-दिनांक असतात, ही २०२२ मधील सुधारणाही त्याला आपणहून शोधावी लागते.

म्हणून या मुलाचा राजकारणाशी येणारा संबंध जवळजवळ सर्वस्वी घराच्या आवाजातून येतो, आणि धोका आहे तो येथेच. पालक कार्यकर्ते असतील तर मूल सदैव त्यांच्यासमवेत असते, म्हणजे निर्देशातील अपवादाच्या छायेत. पण ज्याला सोबत्यांचा प्रतिवाद ऐकण्याची सोय नाही त्याची ‘केवळ उपस्थिती’ किती काळ केवळ राहील? घरी पाहुण्यांपुढे पक्षाचे गीत म्हणून दाखवणाऱ्या मुलावर कोणताही निर्देश लागू होत नाही, व्हावाही नये. मात्र हे शिक्षण आहे असे मानणाऱ्या पालकांशी सहमत होणे मला शक्य नाही. उलट, त्याच मुलाजवळ शाळकरी मुलाला नसलेला वेळ असतो. सदर बाजारात पंधरा महिन्यांत जमलेली चार निवडणुकांची पत्रके त्याने क्रमाने लावली, एकाच पक्षाने विधानसभेला आणि महापालिकेला दिलेली आश्वासने शेजारी ठेवली, एकाच उमेदवाराची हिंदी आणि छत्तीसगढी भाषणे ताडून पाहिली, तर तो तौलनिक साहित्याचा पहिला धडा ठरेल. यात कोणत्याही नियमाचा भंग नाही. कारण येथे मूल वाचते आहे, बोलत नाही.

रायपूरच्या मराठी घरांत या वाचनाला आणखी एक पदर आहे. भोसल्यांच्या अमलापासून मराठी येथे आहे आणि १९५६ पर्यंत मध्यप्रांताच्या राज्यव्यवहारात ती हिंदीच्या बरोबरीने होती. आज येथील मराठी मुलाला ती बहुधा घरीच शिकावी लागते. त्या अर्थाने, शाळेत जाणारे मराठी मूलही येथे भाषेपुरते गृहशिक्षितच. प्रचार हिंदीत व छत्तीसगढीत होतो. छत्तीसगढीला २००७ मध्ये राजभाषेचा दर्जा मिळाला आहे. प्रचाराची घोषणा मराठीत नसल्याने हे मूल घरी तिच्याविषयी बोलू लागले की त्याला भाषांतर करावे लागते, आणि भाषांतरात यमक टिकत नाही. ठेका गळून पडतो व खाली उरलेले विधान उघडे दिसते. माधवराव सप्रे मराठी घरातले होते. १९०० मध्ये पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ काढताना, १९०७ मध्ये नागपुरात ‘हिंदी केसरी’ चालवताना आणि टिळकांचे ‘गीतारहस्य’ हिंदीत नेताना त्यांनी हेच काम केले. १९२६ मध्ये ते रायपुरातच निवर्तले.