होंडाची किल्ली आणि आपण बायका

मैत्रिणींनो, सकाळी साडेदहाच्या सुमाराला टिळक रोडच्या कुठल्याही सिग्नलपाशी पाच मिनिटं उभ्या राहा आणि नुसतं बघा. तोंडाला स्कार्फ, त्यावर हेल्मेट, पायाशी भाजीची पिशवी, मागं दप्तर पाठीला लावलेलं पोर. कुणी बँकेत निघालेली, कुणी शिकवणीला, कुणी आजारी सासूबाईंचा डबा घेऊन दवाखान्यात. दिवा हिरवा झाला की अंगठ्यानं बटण दाबायचं, मूठ जराशी पिळायची आणि निघायचं. यात विशेष ते काय, असं तुम्ही म्हणाल. पुण्यात तर कुणी मान वळवूनही बघत नाही.

पण हे असं नेहमीच नव्हतं हं! तुमच्या आईला नाहीतर सासूबाईंना विचारा. त्या सांगतील, “आमच्या वेळी स्कूटर ह्यांची असायची. आम्ही मागं बसायचो.”

मूठ, किक आणि साडी

पुणं मुळात सायकलींचं गाव. मुली, मास्तरणी, नर्सबाई सगळ्या सायकलीवरून फिरायच्या. पुढं स्कूटरचे दिवस आले. आकुर्डीच्या बजाज कारखान्यातून १९७२ मध्ये चेतक बाहेर पडली. तिच्यासाठी नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं वाट बघायची, असा तो काळ. त्याच १९७२ साली फिरोदियांच्या कायनेटिकनं लूना आणली. लूना हलकी, स्वस्त. पायडल मारलं की सुरू. बायकांना ती जवळची वाटली, पण मागं माणूस आणि पुढं सामान घेऊन चढ चढायचा म्हणजे तिचा जीव मेटाकुटीला यायचा.

मग बायका सरळ स्कूटरच का चालवत नव्हत्या? धीर नव्हता म्हणून? मुळीच नाही! ती गाडी कशी घडवलेली होती ते आठवा. डाव्या हातानं क्लच दाबायचा आणि त्याच हाताची मूठ फिरवून गिअर टाकायचा. उजव्या पायानं ब्रेक. सुरू करायला किक. एकदा मारून नाही झाली तर पुन्हा, नाहीतर गाडी एका अंगाला कलती करायची आणि मग पुन्हा. पाचवारी साडीत किक मारून बघा म्हणजे कळेल. चेतक दणकट होती, तिनं कितीतरी संसार ओढले, पण ती घडवताना साडी नेसलेलं माणूस कुणाच्या डोळ्यांपुढं नसावं.

आता गंमत बघा. ज्या गाडीनं ही अडचण दूर केली, तिच्या मागच्या कंपनीची सुरुवातच मुळी एका गृहिणीपासून झाली होती. त्यासाठी थोडं जपानला जाऊन येऊ.

साचीबाईंचा मोंपे

सोइचिरो होंडा यांचा जन्म १९०६ सालचा, हमामात्सू शहराजवळच्या एका खेड्यातला. वडील लोहार, सायकली दुरुस्त करणारे. पंधराव्या वर्षी हा मुलगा टोकियोला एका मोटारीच्या गॅरेजात उमेदवारीला गेला. पण हातात पाना यायच्या ऐवजी काय आलं, ठाऊक आहे? मालकाचं तान्हं मूल! सुरुवातीचे काही महिने त्यांनी मूल सांभाळण्यात काढले. पुढं ते हाडाचे कारागीर झाले, गावी परतून त्यांनी स्वतःचं गॅरेज काढलं, नंतर इंजिनाच्या पिस्टन रिंगांचा कारखाना काढला.

मग महायुद्ध संपलं. जपान बेचिराख झालेला. खायला धान्य नाही, गाड्यांना गर्दी, प्रवासाला हाताशी फक्त सायकल. १९४६ मध्ये होंडांना लष्कराच्या वायरलेस यंत्रांची पडून राहिलेली छोटी इंजिनं मिळाली. त्यांतलं एक त्यांनी सायकलला जोडलं. पेट्रोलच्या टाकीसाठी काय वापरलं म्हणाल, तर अंथरुणात शेकायला घेतात ती गरम पाण्याची बाटली! घरातलीच वस्तू.

आणि ही गाडी पहिल्यांदा चालवून बघायला त्यांनी कुणाला दिली? बायकोला, साचीबाईंना. त्या सायकल दामटत दूरदूर जाऊन घरासाठी धान्य शोधून आणत. नवरा नंतर सांगायचा, की तिची दमणूक बघवेना म्हणून मी इंजिन बसवलं. साचीबाईंनी मात्र पुढं हसत हसत सांगितलं, की ते सगळं नंतर रचलेलं. बाईमाणसाला ही गाडी झेपते का, हे त्यांना बघायचं होतं आणि त्यासाठी मी हाताशी होते! भर गर्दीच्या रस्त्यातून जायचं म्हणून त्यांनी आपला ठेवणीतला मोंपे घातला. मोंपे म्हणजे जपानी बायकांचा कामाचा ढगळ पायजमा, आपल्या सलवारीसारखा. घरी येऊन बघतात तर चांगला मोंपे तेलानं माखलेला. त्यांनी नवऱ्याला सुनावलं, की हे असं चालायचं नाही, गिऱ्हाइकं तुम्हाला बोल लावतील. एरवी ‘उगीच कटकट नको’ म्हणणारे होंडा त्या दिवशी गप्प बसले, आणि गाडी विकायला काढण्याआधी ती गळती त्यांनी बंद केली.

मला या सगळ्या कथेत हाच प्रसंग मोलाचा वाटतो. बायको म्हणाली आणि नवऱ्यानं ऐकलं, एवढ्यापुरतं नाही. जिला वस्तू वापरायची तिला आधी विचारावं, तिचे कपडे खराब झाले तर दोष वस्तूचा आहे असं मानावं, ही शहाणपणाची रीत त्यात आहे. आपण मात्र उलट करतो. मिक्सरचं झाकण लागेना की म्हणतो, “मलाच मेलं जमत नाही!”

१९४८ मध्ये होंडा कंपनी रीतसर स्थापन झाली. व्यवहार सांभाळायला ताकेओ फुजिसावा हे भागीदार आले. होंडांनी यंत्राकडं बघायचं आणि फुजिसावांनी हिशेबाकडं, अशी त्यांची वाटणी; उत्तम चाललेल्या संसारासारखीच! १९५८ मध्ये त्यांनी ‘सुपर कब’ काढली. तिला क्लचचा दांडाच नव्हता. शेवयांचे वाडगे घरपोच करणाऱ्या पोऱ्याला एका हातात तबक धरून दुसऱ्या हातानं गाडी चालवता आली पाहिजे, हा तिचा हिशेब. मधला भाग खोलगट, म्हणजे स्कर्ट घातलेल्या बाईलाही बसता येईल. २०१७ पर्यंत अशा गाड्या दहा कोटींहून जास्त तयार झाल्या.

चारचाकीत होंडा उशिरा आले, १९६३ मध्ये. १९७२ सालची त्यांची सिव्हिक ही छोटी मोटार आणि पाठोपाठ आलेलं तिचं कमी धुराचं इंजिन यांनी जगात नाव काढलं. अमेरिकेनं धुराचे कडक नियम केले तेव्हा मोठमोठ्या कंपन्या कुरकुरत होत्या. या लहान कंपनीनं धूर नंतर गाळत बसण्यापेक्षा इंधन नीट जाळण्यावरच भर दिला. चूल नीट पेटली तर धूर कमी, हे आपल्याला का कुणी सांगायला हवं?

पुण्यात आली कायनेटिक होंडा

१९८० नंतर आपल्या सरकारनं दुचाकी कारखान्यांना परदेशी कंपन्यांशी हातमिळवणी करायची वाट मोकळी केली. १९८४ मध्ये होंडांची दोन घरी सोयरीक झाली. मोटरसायकलसाठी हिरो आणि स्कूटरसाठी आपल्या पुण्याचे फिरोदिया. गाड्या इंदूरजवळ पीथमपूरला बनत, पण घराणं पुण्याचं.

सुमारे १०० सीसीची ही कायनेटिक होंडा दिसायला नाजूक, पण गुण असे की बायकांनी तिला उचलून धरलं. बटण दाबलं की सुरू, किकची झटापट नाही. क्लच नाही, गिअर नाही. दोन्ही ब्रेक हातात, सायकलसारखे. पुढं सपाट जागा, साडी सावरून आरामात बसता येईल अशी.

गिअर नाही तर गाडी चढ कशी चढते, असं वर्गातली मुलं मला विचारतात. मी त्यांना शिलाई मशीन आठवायला सांगते. खाली मोठं चाक, वर लहान चाक, मधे पट्टा. आता अशी कल्पना करा, की ही चाकं आपोआप लहानमोठी होतात. या स्कूटरच्या पुढच्या पुलीचे दोन भाग असतात, समोरासमोर ठेवलेल्या दोन उतरत्या थाळ्यांसारखे. वेग वाढला की आतली वजनं बाहेर फेकली जातात आणि थाळ्यांना जवळ ढकलतात. पट्टा वर सरकतो, म्हणजे पुढचं चाक मोठं झालं. मागच्या पुलीत त्याच वेळी उलट घडतं. वेग कमी झाला की सगळं पुन्हा पूर्वपदावर. जे काम स्कूटरवाल्याची डावी मूठ करत होती, ते हा पट्टा न सांगता करतो.

फुकट मात्र काहीच मिळत नाही. तेव्हाच्या टू-स्ट्रोक इंजिनाला पेट्रोल जास्त लागे आणि धूरही होई. होंडांनी १९९८ मध्ये फिरोदियांपासून फारकत घेतली आणि २००१ मध्ये स्वतःची अ‍ॅक्टिवा आणली. फोर-स्ट्रोक इंजिन, पण बटण आणि पट्टा तोच. आज अंगणात उभी असलेली तुमची स्कूटर कुठल्याही कंपनीची असो, याच घराण्याच्या चालीरीतीची आहे. २०२५ मध्ये कायनेटिकनं आपली जुनी डीएक्स विजेवरची करून पुन्हा आणली, तेव्हा कितीतरी बायकांचे डोळे पाणावले असतील!

आईची गाडी

माझ्या आईनं १९९४ मध्ये पोस्टातले साठवलेले पैसे मोडून जुनी कायनेटिक होंडा घेतली. बाबांची स्कूटर होती, पण ती बाबांच्या वेळेला बांधलेली. आईला पौड रोडला अर्ध्या दिवसाची नोकरी चालून आली होती आणि दोन बस बदलून वेळ जुळत नव्हती. आजी म्हणाली, “बाईमाणसाला कशाला हवी ती भटकायची हौस!” आई बोलली नाही. दोन रविवार पहाटे सारसबागेमागच्या रस्त्यावर शिकली आणि तिसऱ्या सोमवारी नोकरीला गेली. मी पुढच्या सपाट जागेत हँडलला धरून उभी राहायची.

महिनाभरानं एकदा आजीच हळूच म्हणाली, “तुळशीबागेत रामाला जाऊन येऊ या का गं?” आई पाचवारीतली, पण आजी नऊवारीतली, ती ऐटीत दोन्हीकडं पाय टाकून मागं बसली. त्यानंतर तिला रामाला जायला मुलाची वाट बघावी लागली नाही.

आता माझी गोष्ट सांगते, जरा ओशाळून. आमच्या घरी तीन वर्षांपूर्वी बिनगिअरची चारचाकी आली. माझा परवाना होता. पण मी चालवत नव्हते. पार्किंगचं जमेल का, ओरखडा गेला तर, ह्यांना वेळ असेल तेव्हा जाऊ की! गेल्या दिवाळीत आईनं विचारलं, “गाडी कुणाची गं?” मी म्हटलं, “आमची.” “मग किल्ली खिळ्यावर कुणाची वाट बघतेय?”

मला उत्तर सुचलं नाही. दुसऱ्या आठवड्यात मी पुन्हा शिकवणी लावली. होंडांची सिटी ही मोटार १९९८ मध्ये भारतात आली आणि तिच्यात पुढं पट्ट्यावर चालणारा बिनगिअरचा प्रकारही निघाला. तत्त्व तेच, कायनेटिक होंडाचं! हे कळल्यावर माझी निम्मी भीती गेली. तेहतीस किलोमीटरचा रस्ता असो की घराजवळची मंडई, डावा पाय स्वस्थ बसतो आणि लक्ष रस्त्यावर राहतं.

तुम्हीही मनावर घेणार असाल तर दोन-चार गोष्टी ध्यानात ठेवा. बिनगिअरच्या स्कूटरचा परवाना चारचाकीला चालत नाही, तो वेगळा काढावा लागतो. पदर कमरेला खोचून आणि ओढणीला गाठ मारूनच स्कूटरवर बसा, चाकात अडकली तर जिवावर बेततं. स्कार्फ हे हेल्मेट नव्हे. टायरमधली हवा आठवड्याला बघा. स्कूटरचा पट्टा झिजतो. पुस्तिकेत दिलेल्या मुदतीला तो तपासून घ्या, चालताना झटका बसायची वाट बघू नका. विमा आणि पीयूसीच्या तारखा दुधाच्या हिशेबाशेजारी कॅलेंडरवर लिहून ठेवा. आणि चारचाकी शिकताना नवऱ्याला शेजारी बसवू नका, भांडणं होतात!

साचीबाई तेलानं माखलेला मोंपे घेऊन घरी आल्या आणि ‘मला नाही जमत’ न म्हणता ‘गाडी सुधारा’ म्हणाल्या. आता गाड्या सुधारल्या आहेत, मैत्रिणींनो. आमची किल्ली मी खिळ्यावरून काढून माझ्या पर्समध्ये ठेवलीय. तुमची कुठं आहे, ते आज उठून एकदा बघा.