दुसऱ्या गुरुवारची वारी

आमच्या जुन्नर-आंबेगावच्या माणसाला वाऱ्या दोनच ठाऊक. एक पंढरीची आणि दुसरी दर महिन्याच्या संकष्टीची. संकष्टीला कोणी लेण्याद्रीच्या पायऱ्या चढतो, कोणी ओझरला विघ्नेश्वराच्या दारी जाऊन बसतो, आणि ज्याला यांतले काहीच जमत नाही तो घरीच उपास करून चंद्राची वाट पाहतो. मुंबईत नोकरीला असताना मी या दोन वाऱ्यांत तिसरीची भर घातली. तिला टाळ लागत नाही की तुळशीची माळ लागत नाही. दोन धड पाय आणि जुन्या इमारतींचे लाकडी जिने चढायची तयारी असली म्हणजे झाले. ही वारी चित्रांची!

महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी फोर्ट आणि कुलाबा भागातली चित्रांची दालने रात्री साडेनवापर्यंत उघडी राहू लागली, ती २०१० नंतरच्या दशकात. एरवी ही दालने सकाळी अकराच्या सुमारास उघडत आणि संध्याकाळी सहा-सातला मिटत. रविवारी बहुतेकांना सुटी. म्हणजे ज्या वेळी नोकरदार माणूस मोकळा, नेमक्या त्याच वेळी यांच्या दाराला कुलूप! महिन्यातून एक संध्याकाळ तरी हे कुलूप उशिरा लावावे, सगळ्यांनी एकाच दिवशी लावावे आणि लोकांनी एका दालनातून दुसऱ्यात असे पायी फिरावे, अशी ही साधी कल्पना. ती काही आपल्याकडचीच नव्हे. अमेरिकेत पोर्टलंड शहरात १९८६ पासून महिन्याच्या पहिल्या गुरुवारी आणि फिलाडेल्फियात १९९१ पासून पहिल्या शुक्रवारी असाच फेरा चालू झाला. मुंबईच्या दालनांनी २०१२ पासून जानेवारीत दोन-चार दिवसांचा एकत्र सोहळाही सुरू केला. पण सोहळ्याला गर्दी होते. महिन्याच्या वारीत निवांतपणा असतो.

चित्राचे दुकान

वाचकहो, ‘दालन’ म्हटले की आपण उगीच दबकतो. खरे पाहता ते दुकानच असते. फरक इतकाच की दुकानदार हाक मारीत नाही आणि मालावर किंमत लिहिलेली नसते. किमतीचा कागद टेबलावर असतो. मागितला तर मिळतो. चित्राशेजारी लाल टिकली चिकटवलेली दिसली की समजावे, हे विकले गेले. विक्रीतला साधारण निम्मा वाटा दालनाचा आणि निम्मा चित्रकाराचा असा रिवाज आहे. बघायला पैसे पडत नाहीत. विकत घेणारा शंभरात एखादा, बाकीचे सगळे आमच्यासारखे बघे! आणि बघ्यांवाचून चित्राचे चालत नाही, हे दालनवालेही जाणतात.

जहांगीर कलादालनाची गोष्ट थोडी निराळी. सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून ते १९५२ साली उघडले. तिथे चित्रकार स्वतः भाडे भरून आठवडाभरासाठी भिंती घेतो, आणि त्यासाठी वर्षानुवर्षे रांगेत थांबतो. दार रस्त्यावरच. शाळेची मुले, बाहेरगावची मंडळी, पाऊस आला म्हणून आडोशाला आलेले लोक, सगळे आत शिरतात. बाहेर पदपथावर आणखी चित्रे मांडलेली असतात, आणि पाच-दहा मिनिटांत तुमचा चेहरा कोळशाने कागदावर उतरवून देणारे चित्रकार बसलेले असतात. तिथे कोणी दबकत नाही. दबकायला होते ते जिना चढून वर जायच्या दालनांत.

आणि गंमत अशी की ही वरची दालनेही मुळात दुकानांतूनच निघालेली! केकू गांधी यांनी १९४१ च्या सुमारास चित्रांच्या चौकटींचा धंदा सुरू केला. चौकटी विकता विकता दुकानाच्या काचेत आरा, हुसेन अशा तेव्हाच्या उमेदवार चित्रकारांची चित्रे ते मांडू लागले. चौकट घ्यायला आलेले गिऱ्हाईक आतल्या चित्राकडेही बघू लागले. पुढे १९६३ साली त्यांनी आणि खुर्शीद गांधींनी जहांगीरच्या पहिल्या मजल्यावर केमोल्ड हे दालन काढले; २००७ साली ते प्रेस्कॉट रोडवर गेले. काली पंडोल यांचाही धंदा चौकटींचाच. त्यांचे दालन निघाले तेही १९६३ सालीच. के. एच. आरा मुंबईत आले ते घरगडी म्हणून. मोटारी धूत धूत चित्रे काढीत. हुसेन यांनी सिनेमाचे फलक रंगवले. ज्या चित्रांना आज कोट्यवधी रुपये मोजले जातात, त्यांचा जन्म असा बाजारात, चौकटीच्या लाकडाच्या भुश्शात आणि फलकाच्या शिडीवर झालेला आहे. कुलाब्यातले प्रोजेक्ट ८८ हे दालनही एका जुन्या छापखान्याच्या जागेत आहे. जिथे खिळे जुळले तिथे आता चित्रे लागतात.

डब्याच्या वाटेने

हे सगळे मी आमच्या तात्यांना सांगत असे. तात्या म्हणजे माझे चुलते. मुंबईच्या डबेवाल्यांत मोठा भरणा आमच्या भागाचा: जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ. एप्रिलमध्ये गावोगावच्या जत्रा आल्या की पाच-सहा दिवस मुंबईच्या कचेऱ्यांत डबा येत नाही, हे मुंबईकरांना पाठ आहे. तात्या त्यांच्यातलेच. तीस वर्षे चर्चगेटला उतरून फोर्टातले जिने चढले. झाकणावरचा रंग आणि अक्षर पाहिले की कोणती इमारत, कितवा मजला, हे ते डोळे मिटून सांगत. पण ज्या इमारतीत एक दालन होते, तिच्या तिसऱ्या मजल्यावर वीस वर्षे डबा पोचवूनही दुसऱ्या मजल्यावरच्या काचेच्या दारातून ते एकदाही आत गेले नव्हते.

“आपलं काय काम तिथं?” ते म्हणत. “डबा न्हाई त्यांचा.”

एका दुसऱ्या गुरुवारी मी हट्टच धरला. डबे ज्याच्या त्याच्या घरी परत पोचवून ते पुन्हा चर्चगेटला आले. टोपी स्वच्छ धुतलेली. फाउंटनवरून चालत आम्ही निघालो. काळ्या घोड्याच्या चौकात त्यांनी मलाच माहिती पुरवली: राजाचा मूळ घोडा १९६५ साली राणीच्या बागेत नेला, आणि मधली पन्नासएक वर्षे चौकाला घोड्याचे नुसते नाव होते. २०१७ साली तिथे नवा घोडा आला, त्याच्यावर स्वार नाही.

“बरं केलं,” तात्या म्हणाले. “ओझं उतरलं बिचाऱ्याचं.”

त्या इमारतीच्या दारातल्या पहारेकऱ्याने तात्यांना लगेच ओळखले आणि विचारले, “आत्ता कुणाचा डबा?” तात्यांचे पाऊल तिथेच अडले. तीस वर्षांत त्या दारातून ते रिकाम्या हाताने कधी आत गेलेच नव्हते. “डबा नाही, चित्रं बघायला आलोत,” मी म्हणालो. पहारेकरी हसला. त्याच्या हसण्यात कुचेष्टा नव्हती, नवल होते. पण तेवढ्यानेही तात्या परतायच्या बेतात आले होते. हाताला धरूनच मी त्यांना वर नेले.

आत पांढऱ्या भिंती, पांढरा उजेड. लोक हातात पेले घेऊन हळू आवाजात इंग्रजीत बोलत होते. तात्या भिंतीच्या कडेकडेने, देवळात प्रदक्षिणा घालावी तसे चालू लागले. एकही चित्र त्यांनी टाळले नाही. बहुतेक चित्रांपुढे ते चार-पाच क्षण थांबत आणि पुढे सरकत. एका मोठ्या चित्रापुढे मात्र ते थांबले ते थांबलेच. त्या चित्रात काहीही नव्हते. माणूस नाही, झाड नाही. नुसता राखी-निळा रंग, खाली गडद, वर फिकट, मध्ये कुठेतरी एक पुसट आडवी रेघ.

मी जवळ जाऊन म्हणालो, “तात्या, याला अमूर्त चित्र म्हणतात. यात अर्थ शोधायचा नसतो.”

“गप रे,” ते म्हणाले. “डिंभ्याचं पाणी हाये ह्ये.”

आंबेगाव तालुक्याला ज्या गावाचे नाव आहे, ते जुने आंबेगाव आज डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे. घोड नदी अडवली आणि गाव गेले. तालुक्याची कचेरी घोडेगावात आणि तालुक्याचे नाव तेवढे कागदावर. पाणी चढले तेव्हा तात्या मुंबईत जिने चढत होते. घर सोडतानाचे घर त्यांनी पाहिले नाही. सुटीला गेले तेव्हा समोर नुसते पाणी. पाणी उतरले की जुन्या गावाच्या खुणा उघड्या पडतात, पण त्या पाहायला ते कधी गेले नाहीत. हे सारे मला त्या रात्री कळले. तोवर घरात याविषयी त्यांनी शब्द काढलेला नव्हता.

चित्र काढणारी मुलगी तिथेच होती. पंचविशी-तिशीची असेल. “तुम्हाला काय दिसलं?” असे तिने मराठीतून विचारले. तात्या आधी लाजले. मग बोटाने दाखवू लागले. इथे देऊळ. इथून वर आमची आळी. ही रेघ म्हणजे पलीकडचा रस्ता. ती ऐकत राहिली. आपल्या मनात धरणबिरण काही नव्हते, हे तिने सांगितले, पण त्यांचे खोटे ठरवले नाही. “असेल,” एवढेच म्हणाली. किमतीचा कागद पाहून तात्यांनी मला हळूच विचारले की एवढ्यात गावाकडे किती गुंठे येतील. पुढच्या दुसऱ्या गुरुवारी मात्र ते आपण होऊन आले, आणि येताना आणखी दोघा टोपीवाल्यांना घेऊन आले. पहारेकऱ्याने या वेळी डब्याचे विचारले नाही.

तात्या आता गावी असतात. मी मात्र तेव्हापासून एका गोष्टीचा विचार करतो. त्यांना चित्र कळत नव्हते असे नव्हते. दार त्यांच्यासाठी आहे, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

कल्याणच्या माणसाचे देणे

मुंबईहून गावी यायचा आमचा रस्ता कल्याणवरून, माळशेज घाटाने. दोन हजार वर्षांपूर्वीही कल्याणचा माल जुन्नरला येत असे, तो नाणेघाटाने. त्या व्यापारावर जुन्नरभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी कोरली गेली. ती कोणी केवळ राजाने कोरवली असे समजू नये. दानाचे लेख अजून भिंतींवर आहेत. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दिले. बुरुडांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे दानाची रक्कम ठेवल्याचे लेख आहेत. इरिल, चिट, चंद नावांच्या यवनांनीही देणग्या दिल्या. कोणी टाकी, कोणी भोजनमंडप, कोणी दर्शनी भाग. बाजारपेठेतल्या माणसांनी डोंगर कोरवला आणि आपले नाव लिहून ठेवले. दालन आणि दुकान यांच्यामधली भिंत आमच्या गावाला तरी नवीनच म्हणायची!

लेण्याद्रीचा गिरिजात्मज ज्या लेण्यात आहे ते सातव्या क्रमांकाचे. त्याला लागूनच सहाव्या क्रमांकाचे चैत्यगृह आहे: दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा, खांबांच्या माथ्यावर कोरलेली जनावरे, शेवटी स्तूप. ते दिले कल्याणच्या हेरणिकाच्या, म्हणजे सोन्यानाण्याचा व्यवहार पाहणाऱ्याच्या मुलाने. सुलसदत्त त्याचे नाव. दर संकष्टीला शेकडो माणसे तीनशेच्या आसपास पायऱ्या चढून येतात, सातव्यात दर्शन घेतात, आणि सहाव्याच्या दारावरून तशीच खाली उतरतात. कोणी अडवीत नाही, तरी आत जात नाहीत. तात्याही जन्मभर तसेच उतरत आले होते.

म्हणून माझी एक सूचना आहे. मुंबईची चित्रवारी ज्यांना साधेल त्यांनी ती जरूर करावी. ज्यांना साधणार नाही त्यांनी येत्या संकष्टीला दर्शन झाल्यावर शेजारच्या लेण्यात पाच मिनिटे उभे राहावे आणि बरोबरच्या म्हाताऱ्या माणसाला हाताला धरून आत न्यावे. आणि जुन्नरच्या, घोडेगावच्या पेठेतल्या दुकानदारांनी महिन्यातून एक संध्याकाळ दुकानाची एक भिंत मोकळी करून द्यावी. शाळेतल्या मुलांची चित्रे, ड्रॉइंगच्या मास्तरांची निसर्गदृश्ये, बुरडाच्या विणलेल्या टोपल्या, काहीही चालेल. एके काळी या जुन्नरात कागद तयार होई आणि जुन्नरी कागद म्हणून तो नावाजला जाई. त्या गावाला एक भिंत जड जाऊ नये. भांड्याच्या दुकानात पातेले घ्यायला आलेली बाई चित्रापुढे थांबली, तर दुकानदाराने “काय पाहिजे?” असे लगेच विचारू नये. थोडे थांबू द्यावे. पातेले ती घेईलच.