कुट्टनाडच्या पाण्याकाठी राहताना

केरळातील कुट्टनाडात शेते समुद्रसपाटीहून खाली आणि अनेक वाटा पाण्यातून. तेथे एखाद्या कुटुंबाच्या घरी चार दिवस राहणे वृद्धांना हॉटेलपेक्षा अधिक मानवते. मात्र घर ठरविताना छायाचित्रांपेक्षा एक प्रश्न मोलाचा: रात्री प्रकृती बिघडल्यास दारापर्यंत गाडी येते, की केवळ होडी? माझ्याकडे येणाऱ्या एका वृद्ध दांपत्याने तो विचारला नव्हता. मध्यरात्री आजींना दम्याची धाप लागली. होडी मिळेपर्यंत आजोबा दोन तास धक्क्यावर उभे होते. आजी बचावल्या. पुढच्या वर्षी पुन्हा गेल्या, पण रस्त्यालगतच्या घरी!

दमट हवेत घाम फार येतो. रक्तदाबासाठी लघवी वाढविणारी गोळी चालू असल्यास उठताना भोवळ येऊ शकते. त्याविषयी निघण्यापूर्वीच आपल्या डॉक्टरांशी बोला. होडीतून हात धरून उतरा, पिशवी मागाहून येईल. लाल मट्टा तांदूळ चविष्ट खरा, परंतु मधुमेहींसाठी तोही भातच. पायाला जखम असेल तर पाण्यात उतरू नका; तेथे लेप्टोस्पायरोसिस आढळतो. परतल्यावर काही दिवसांत ताप आलाच, तर डॉक्टरांना हा प्रवास आवर्जून सांगा.