शिक्षा एकाला, भुर्दंड अनेकांना

३१ ऑगस्ट २०२५ रोजी अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथे लीग्ज कपचा अंतिम सामना संपल्यावर उरुग्वेचा ख्यातनाम फुटबॉलपटू लुईस सुआरेझ प्रतिस्पर्धी संघाच्या एका कर्मचाऱ्यावर थुंकला. पुढे त्याने क्षमायाचना केली. तरीही त्या स्पर्धेतील सहा सामने आणि अमेरिकेतील साखळी स्पर्धेतील तीन सामने अशी बंदी त्याच्यावर घालण्यात आली. या घटनेने २०१४ सालच्या त्याच्या गाजलेल्या अपराधाची आठवण होणे अपरिहार्य होते. त्या वर्षी विश्वचषक स्पर्धेत त्याने प्रतिस्पर्ध्याच्या खांद्याला चावा घेतला होता आणि फिफाने त्याला जबर शिक्षा ठोठावली होती. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. तेव्हा ती शिक्षा योग्यच होती, किंबहुना अपुरीच होती, असा निष्कर्ष आता काढला जाईल.

प्रस्तुत लेखकाला हा निष्कर्ष मान्य नाही. सुआरेझ निर्दोष होता असे मुळीच नाही. परंतु आरोपी दोषी असणे आणि त्याला झालेली शिक्षा न्याय्य असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीवरून दुसरी आपोआप सिद्ध होते असे आपण समजतो, तेथेच घोटाळा होतो.

घटनाक्रम थोडक्यात असा. २४ जून २०१४ रोजी ब्राझीलमधील नाताल येथे उरुग्वे आणि इटली यांच्यातील सामन्यात सुआरेझने इटलीच्या जॉर्जो किएलिनीचा चावा घेतला. पंचांच्या ते दृष्टीस पडले नाही. दोनच मिनिटांत उरुग्वेने सामन्यातील एकमेव गोल केला आणि इटली स्पर्धेबाहेर फेकली गेली. चित्रफितीच्या पुराव्यावर फिफाने दोन दिवसांत निर्णय दिला: नऊ आंतरराष्ट्रीय सामन्यांची बंदी, फुटबॉलशी संबंधित कोणत्याही व्यवहारात भाग घेण्यास चार महिने मनाई, आणि एक लाख स्विस फ्रँक दंड. हा त्याचा तिसरा चावा होता. २०१० मध्ये नेदरलँड्समध्ये अशाच कृत्याबद्दल त्याला सात सामन्यांची, तर २०१३ मध्ये इंग्लंडमध्ये दहा सामन्यांची बंदी भोगावी लागली होती. शिक्षा वाढत जावी हे यावरून ओघानेच येते. तरीही चावा ज्याला बसला त्या किएलिनीनेच ही शिक्षा अतिरेकी असल्याचे जाहीरपणे म्हटले, ही गोष्ट विचारात घेण्याजोगी आहे.

अपराधाचे मोजमाप

शिक्षेचे माप कशावरून ठरवावे? झालेल्या इजेवरून म्हणावे, तर फुटबॉलचा इतिहास आपल्याला गोंधळात टाकतो. १९८२ च्या विश्वचषकात सेव्हिल येथे पश्चिम जर्मनीचा गोलरक्षक हाराल्ड शूमाखर फ्रान्सच्या पॅट्रिक बॅटिस्टनवर असा आदळला की बॅटिस्टन बेशुद्ध पडला, त्याचे दात पडले. शूमाखरविरुद्ध साधा फाऊलही दिला गेला नाही. तो अंतिम सामनासुद्धा खेळला. २०१० च्या अंतिम सामन्यात हॉलंडच्या नायजेल डी याँगने स्पेनच्या झाबी अलोन्सोच्या छातीवर बुटाचा तळवा रोवला. त्याला पिवळे कार्ड मिळाले. २००६ च्या अंतिम सामन्यात झिदानने मातेराझ्झीच्या छातीवर डोके हाणले. त्याला तीन सामन्यांची बंदी आणि साडेसात हजार स्विस फ्रँक दंड झाला. तो आधीच निवृत्तीची घोषणा करून बसला असल्याने ती बंदी कागदावरच राहिली. फक्त १९९४ साली इटलीच्या माउरो तासोत्तीने स्पेनच्या लुईस एन्रिकेचे नाक कोपराने फोडले, तेव्हा आठ सामन्यांची कडक बंदी झाली होती. सुआरेझच्या शिक्षेने तो उच्चांकही मोडला.

याचा अर्थ उघड आहे. किएलिनीच्या खांद्यावरील व्रण काही दिवसांत मिटणारा होता. शिक्षा झाली ती त्या व्रणाची नव्हे, तर जगभरच्या प्रेक्षकांना वाटलेल्या किळसेची. लाथ मारणे हे खेळाच्या ओघात घडू शकते; चावणे हे माणसाच्या पायरीवरून खाली उतरणे आहे, अशी आपली भावना असते. ती भावना खोटी नाही आणि नियमांनी तिची दखल घेऊ नये असेही नाही. परंतु हाड मोडणाऱ्याला तीन सामने आणि दात उमटवणाऱ्याला नऊ, असे कोष्टक रूढ झाले, तर खेळाडूच्या शरीराची सुरक्षितता हा नियमांचा हेतू मागे पडतो आणि संस्थेची अब्रू हा हेतू पुढे येतो. दंडसंहिता संस्थेच्या अब्रूसाठी लिहावयाची नसते.

भार कोणावर पडतो?

अर्थशास्त्राचा विद्यार्थी कर बसला की प्रथम विचारतो, हा कर भरतो कोण आणि त्याचा भार अखेर सोसतो कोण? हाच प्रश्न शिक्षेलाही लावून पाहावा.

एक लाख स्विस फ्रँक ही रक्कम आपल्या डोळ्यांना मोठी दिसते. परंतु निकालानंतर महिना उलटण्यापूर्वीच बार्सिलोनाने सुआरेझला लिव्हरपूलकडून सहा कोटी पौंडांहून अधिक किंमत मोजून घेतले. बाजारात ज्याच्या खेळाचे मोल एवढे, त्याला हा दंड जेमतेम त्या किमतीच्या हजाराव्या हिश्श्याचा. फिनलंडमध्ये १९२१ पासून काही अपराधांचा दंड अपराध्याच्या मिळकतीच्या प्रमाणात आकारला जातो. तसे तत्त्व येथे असते, तर दंडाला दंड म्हणता आले असते.

चार महिन्यांची मनाई मात्र ज्या क्लबांनी काहीच केले नव्हते त्यांच्या माथी बसली. निकालाच्या दिवशी सुआरेझ लिव्हरपूलचा पगारी खेळाडू होता. अपराध घडला तो उरुग्वेच्या गणवेशात; लिव्हरपूलचा त्याच्याशी काडीचा संबंध नव्हता. बार्सिलोनाने डोळे उघडे ठेवून सौदा केला, तेव्हा त्या क्लबाला तक्रारीस जागा नाही हे खरे. पण त्यामुळे मूळ तत्त्व बदलत नाही. राष्ट्रीय संघातर्फे केलेल्या अपराधाची शिक्षा राष्ट्रीय संघाच्या सामन्यांतच भोगावयास लावणे तर्कशुद्ध आहे.

त्या दृष्टीने नऊ सामन्यांची बंदी योग्य होती, आणि वाटते त्याहून ती पुष्कळ जड होती. विश्वचषकातील कोलंबियाविरुद्धचा एक सामना, २०१५ च्या कोपा अमेरिका स्पर्धेतील चार आणि पुढील विश्वचषकाच्या पात्रता फेरीतील चार, असे नऊ सामने भरण्यास एकवीस महिने लागले. सुआरेझ अधिकृत आंतरराष्ट्रीय सामन्यात परतला तो २५ मार्च २०१६ रोजी, ब्राझीलविरुद्ध. २०११ साली ज्या कोपा अमेरिका स्पर्धेत तो सर्वोत्तम खेळाडू ठरला होता, तिच्या पुढच्या खेपेस त्याला घरी बसावे लागले. एवढी शिक्षा पुरेशी नव्हती काय?

या हिशेबात आणखी एक विसंगती आहे. ज्या इटलीचे नुकसान झाले तिच्या पदरात या बंदीमुळे काय पडले? काहीही नाही. बंदीचा पहिला लाभ मिळाला तो कोलंबियाला. सुआरेझवाचून खेळणाऱ्या उरुग्वेला तिने दोन गोलांनी हरवले. पीडित एक आणि भरपाई तिसऱ्यालाच, हा प्रकार तासोत्तीच्या वेळीही झाला होता. पंचाने तत्क्षणी सुआरेझला बाहेर काढले असते, तर उरलेली मिनिटे इटलीला अकरा खेळाडूंविरुद्ध खेळावे लागले नसते. तो न्याय नंतरच्या कोणत्याही बंदीने भरून निघणारा नव्हता.

खात्री हवी की कठोरता?

किएलिनीच्याच देशात, मिलानच्या बेक्कारियाने १७६४ साली अपराध आणि शिक्षा या विषयावरील ग्रंथात प्रतिपादन केले की अपराधाला आळा बसतो तो शिक्षेच्या क्रौर्याने नव्हे, ती चुकणार नाही या खात्रीने. दोनशे वर्षांनी, १९६८ मध्ये, अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी हाच विचार हिशेबाच्या भाषेत मांडला: अपराधी शिक्षेची तीव्रता आणि सापडण्याची शक्यता या दोहोंचा गुणाकार करतो. सापडण्याची शक्यता कमी असेल तेथे तीव्रता वाढवून तोल साधावा लागतो. पंचाच्या दोन डोळ्यांवर सारे अवलंबून होते तोवर जबर शिक्षेला हे समर्थन होते. २०१८ पासून विश्वचषकात चित्रफीत पाहून निर्णय देणारे साहाय्यक पंच आहेत. मैदानावरचे फारसे काही आता लपत नाही. तेव्हा डोळे दिपवणाऱ्या शिक्षेपेक्षा ताबडतोब आणि हटकून मिळणारी शिक्षा अधिक उपयोगाची.

२०१४ च्या निर्णयातील सर्वांत अन्यायकारक भाग होता तो संघासमवेत सरावासही केलेल्या मनाईचा. परीक्षेत नक्कल करताना सापडलेल्या विद्यार्थ्याला परीक्षेतून उठवावे. त्याला ग्रंथालयाचे दार बंद करू नये. निलंबित कारकुनालासुद्धा निर्वाहभत्ता मिळतो, कारण चौकशीचा हेतू त्याला नोकरीस नालायक करण्याचा नसतो. ऑगस्ट २०१४ मध्ये लोझानच्या क्रीडा लवादाने हा भाग अवाजवी ठरवून रद्द केला आणि बाकीची शिक्षा कायम ठेवली. लवादाने आणखी एक पाऊल टाकून चार महिन्यांची बंदी क्लबच्या सामन्यांवरूनही उठवावयास हवी होती, असे आमचे मत आहे.

आता २०२५ च्या थुंकण्याचे काय? चावल्याबद्दल सुआरेझला २०१४ नंतर पुन्हा शिक्षा झाली नाही. तेवढे त्या बंदीचे यश मानावे. पण त्याचा संताप गेला नाही, त्याने केवळ वाट बदलली. स्वभाव बदलणे हे बंदीच्या आवाक्यातले काम नव्हे. ज्याने केले त्याने, ज्या मैदानावर केले त्याच मैदानावर आणि त्याच्या ऐपतीच्या मानाने भरून द्यावे, एवढेच नियमांना साधता येते. २०१४ च्या निकालाने नऊ सामन्यांपुरते हे साधले. बाकीच्या शिक्षेचा दणका मोठा होता. पण तो ज्याच्या पाठीत बसावयास हवा होता, त्याला सोडून इतरांनाच अधिक बसला.