समुद्रालाच कामाला लावणारी चाचणी

काकीनाडासमोर, बंगालच्या उपसागरात, ‘आर क्लस्टर’ हे वायुक्षेत्र दोन हजार मीटरहून खोल पाण्याखाली आहे. डिसेंबर २०२० मध्ये तिथून वायू येऊ लागला, तोही समुद्रतळावरच्या वाहिनीतून, सुमारे ६० किलोमीटरवरच्या प्लॅटफॉर्मवर. मुंबई हायला पाणी जेमतेम ७५ मीटर. तिथे पाणबुडे उतरू शकतात. दोन हजार मीटरवर प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर दोनशे किलोंचा भार असतो. तिथे उतरतो तो केबलने जहाजाला जोडलेला, कॅमेरे आणि यांत्रिक हात असलेला आरओव्ही.

एवढ्या खोलवर टाकलेली नवी वाहिनी वायू सोडण्याआधी तपासायची कशी? जहाजावरून पाणी भरायचे तर भलेमोठे पंप आणि दोन किलोमीटर लांबीची नळी हवी. त्यापेक्षा सुंदर उपाय तळाशीच आहे. वाहिनीत असते नुसती हवा आणि बाहेर दोनशेपट दाब. आरओव्ही तळावर ठेवलेल्या संचाची झडप उघडतो आणि समुद्र आपणहून आत शिरतो. गाळणीतून, गंज व जिवाणू रोखणारी रसायने घेऊन. हे पाणी ‘पिग’ला, म्हणजे रबरी चकत्यांच्या दट्ट्याला, पुढे ढकलत नेते आणि पिग आतला कचरा लोटत जातो. आतबाहेरचा दाब सारखा होत आला की प्रवाह मंदावतो. उरलेले काम आरओव्हीच्या शक्तीवर चालणारा पंप करतो.

पिगवर ॲल्युमिनियमची एक तबकडी बसवलेली असते, वाहिनीच्या आतल्या व्यासाच्या साधारण ९५ टक्के रुंद. दुसऱ्या टोकाला ती बाहेर आली की अभियंते आधी तिची कड पाहतात. कड शाबूत, तर वाट मोकळी. दुमडली असेल, तर वाहिनी कुठेतरी चेपली आहे. कुठे, ते तबकडी सांगत नाही.

मग दाबाची चाचणी. आतला व्यास ४० सेंटिमीटर धरला, तर ६० किलोमीटर वाहिनीत ७५ लाख लिटर पाणी मावते. दाब १०० बारने वाढवायला आणखी निदान ३५ हजार लिटर आत कोंबावे लागते. त्यानंतर सहसा २४ तास दाब टिकतो का ते पाहायचे. खरी कसोटी इथे लागते, कारण कोमट पाणी थंड होतानाही दाब उतरतो आणि गळतीचा भास होतो. तळाचेच गार पाणी भरल्याने हा घोळ बराच टळतो. पाण्यात रंग मिसळलेला असतो; गळती असलीच तर आरओव्हीच्या कॅमेऱ्याला तो दिसतो.

शेवटी हे सगळे पाणी काढावेच लागते. थंडी आणि दाब यांच्या जोडीने वायू व पाणी मिळून बर्फासारखा घन पदार्थ बनतो आणि तो अख्खी वाहिनी बंद करू शकतो.